कानामागची वायर

बाबांच्या डोक्याला तेल लावताना कानामागे बोटाला वायर लागते. कातडीखालून मानेवरून उतरत ती छातीतल्या बॅटरीच्या डबीपर्यंत जाते. पार्किन्सन्समुळे बाबांचा हात असा थरथरायचा की कपातला निम्मा चहा बशीत यायचा. या वायरीने तो हात स्थिर केला, तिचे उपकार मी विसरणार नाही. तरी तेल लावताना माझं बोट तिथे अडखळतंच. मेंदूत शिरलेलं तिचं टोक सव्वा मिलिमीटर जाडीचं आहे हे कळल्यापासून तर जास्तच.

म्हणूनच स्वीडनला जायचा योग आला तेव्हा मी नॉरशॉपिंग गाठलं. नदीकाठच्या कापडगिरण्यांचं हे शहर एकेकाळी स्वीडनचं मँचेस्टर म्हणवायचं. मी इचलकरंजीची, विटांच्या त्या इमारती मला परक्या वाटल्या नाहीत. माग केव्हाच थांबले. आता तिथे लिनशॉपिंग विद्यापीठाचा एक परिसर आहे, आणि माग्नुस बेरग्रेन यांची प्रयोगशाळा वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकवर काम करते. असं प्लास्टिक शोधल्याबद्दल हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं होतं.

मला सगळं दाखवणाऱ्या तरुण संशोधिकेने आधी कागदावर एक आकडा लिहिला. एकावर आठ शून्यं. मी मोजली: दहा कोटी. मेंदूपेक्षा सिलिकॉन साधारण इतक्या पट कडक असतं. मेंदू खरवसासारखा लुसलुशीत, श्वासाबरोबर, नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर हलणारा. त्यात दहा कोटी पट कडक काही रुतलं की ते त्याच्याबरोबर हलत नाही, घासत राहतं. मग भोवतालच्या पेशी व्रणाची भिंत उभारतात आणि पलीकडचे संदेश अंधूक होत जातात.

शिवाय भाषेचाही प्रश्न आहे. धातूला फक्त इलेक्ट्रॉन कळतात. मज्जातंतू बोलतात ते सोडियम-पोटॅशियमच्या आयनांतून. हे मऊ प्लास्टिक दोन्ही जाणतं. पेडॉट नावाचं गडद निळं प्लास्टिक पूर्वी कॅमेऱ्याच्या फिल्मवर स्थिर वीज साठू नये म्हणून लावत. त्याच्याच इलेक्ट्रोडांची, केसाच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ जाळी २०१५ साली मेंदूच्या पृष्ठभागावर नुसती अंथरली, तरी एकेका पेशीचे ठोके टिपता आले.

काच धुणं, द्रव गाळणं, फिरत्या चकतीवर थर देणं, भट्टीत वाळवणं, हे त्या संशोधिकेचं रोजचं काम. माझं मन अडकलं ते एका बशीत. बशीत मेंदूच्या जागी अगारोजची जेली होती, आपल्या चायना ग्रासमधूनच निघणारी. जेलीत साखर मिसळलेली. तिने सुईने फिकट द्रवाचा एक थेंब आत सोडला आणि हात मागे घेतला. थोड्या वेळाने सुईच्या वाटेवर निळसर सावली आली, मग ती गडद होत पसरली. द्रवातलं एक विकर साखरेपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, दुसरं ते वापरून सुटे रेणू वीज वाहणाऱ्या प्लास्टिकच्या साखळीत गुंफतं. शरीरात तर साखर असतेच. म्हणजे तार बाहेर बनवून आत खुपसायची नाही. ती आतच, शरीराच्या साखरेवर घडू द्यायची. २०२३ साली या गटाने लुंड विद्यापीठातल्या सहकाऱ्यांसोबत झेब्राफिशच्या मेंदूत, हृदयात आणि शेपटीत, तसंच जळवांच्या मज्जातंतूंभोवती हे घडवून दाखवलं.

मी तिला विचारलं, बाबांची वायर उद्या काढायची झाली तर सर्जन काढतील, पण पेशींत मुरलेला हा डाग कोण काढणार? तिने प्रश्न टाळला नाही. माणसापर्यंत जायच्या आधी याचंच उत्तर लागेल, असं ती म्हणाली. मला ही सावकाशी आवडली. ज्या घरात असा रुग्ण असतो तिथे घाई किती असते हे मला माहीत आहे, तरीही आवडली.

निघताना मी पुन्हा त्या बशीपाशी गेले. तिने मला हातमोजे दिले. जेलीला बोट लावलं तशी ती थरथरली, आणि निळा डागही तिच्याबरोबर थरथरला. मी डोळे मिटून बोट फिरवून पाहिलं. जेली कुठे संपते आणि निळं कुठे सुरू होतं, बोटाला कळेना.