नदीच्या दरीचे राखणदार : ऑस्ट्रेलियातील निटमिलुक उद्यान

नदीचा पाठ शिकविताना आपण उगम, उपनद्या व मुख ही नावे मुलांकडून पाठ करून घेतो. परंतु त्या नदीच्या काठी पिढ्यान् पिढ्या कोण राहत आले व नदीशी ते कसे वागतात, हा प्रश्न बहुधा राहून जातो. या प्रश्नाचे उत्तर एका परदेशी दरीच्या उदाहरणाने चांगले समजते. शिक्षकबंधुभगिनींनी पुढील माहिती वर्गात सांगावी, ह्या हेतूने ती येथे दिली आहे.

दरीचे स्वरूप

उत्तर ऑस्ट्रेलियात डार्विन शहराच्या आग्नेयेस सुमारे ३०० किलोमीटरवर कॅथरीन हे गाव आहे. तेथून सुमारे ३० किलोमीटरवर निटमिलुक राष्ट्रीय उद्यान लागते. येथे कॅथरीन नदीने वालुकाश्माचे प्राचीन पठार कापून खोल घळई तयार केली आहे. खडकास मुळातच उभ्या भेगा होत्या. पाण्याने त्याच रुंद केल्या. त्यामुळे नदी काही अंतर सरळ वाहते व एकाएकी काटकोनात वळते. कोरड्या ऋतूत खडकांचे बांध उघडे पडून घळईचे तेरा भाग वेगळे दिसतात. नावाड्यास बांधापाशी उतरून पुढे चालावे लागते. पावसाळ्यात हे बांध बुडतात व सर्व घळई एकच प्रवाह होते. तेथील पावसाळा साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल असतो. आपल्याकडे पेरणीची धांदल चालू असते, तेव्हा तेथे आकाश निरभ्र असते, ही गोष्ट पृथ्वीच्या गोलावर दाखवून द्यावी.

नाव व मालक

या दरीचे परंपरागत मालक जावोयन नावाचे आदिवासी लोक आहेत. त्यांच्या कथेप्रमाणे सृष्टीच्या आरंभी नबिलिल नावाचा प्राणी येथे आला. त्याच्या कानी रातकिड्यासारख्या कर्कश गाणाऱ्या एका किड्याचा ‘निट, निट’ असा आवाज पडला, म्हणून त्याने या स्थळास निटमिलुक म्हटले. जावोयन लोक वर्षाचे पाच ऋतू मानतात. आपला शेतकरी मृग, आर्द्रा अशा नक्षत्रांवरून पावसाचा अंदाज बांधतो. त्यांची गणनाही अशीच निरीक्षणावर आधारलेली आहे.

जमीन परत मिळाली

पूर्वी हे उद्यान कॅथरीन घळईच्या नावाने ओळखले जाई व त्याचा कारभार सरकारकडे होता. १९७६ साली आदिवासींच्या जमीनहक्काचा कायदा झाला आणि १९७८ साली जावोयन लोकांनी आपला दावा दाखल केला. त्यामुळे कॅथरीन गावात मोठा असंतोष माजला. दरी आदिवासींच्या हाती गेली तर आपल्याला तेथे पाऊल ठेवता येणार नाही, अशी अनेक नागरिकांना भीती वाटत होती. दावा अनेक वर्षे चालला. अखेर १० सप्टेंबर १९८९ रोजी ही भूमी जावोयन लोकांस परत देण्यात आली.

त्यानंतर त्यांनी काय केले, हे मुलांना मुद्दाम सांगावे. त्यांनी दरीला कुंपण घातले नाही. उद्यान सर्वांसाठी खुले राहावे म्हणून त्यांनी ती जमीन सरकारला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. कारभारासाठी तेरा सभासदांचे मंडळ झाले. त्यात आठ जावोयन असतात, आणि कॅथरीनच्या रहिवाशांचाही एक प्रतिनिधी असतो. ज्या गावाने विरोध केला, त्यालाही अशा रीतीने मंडळात जागा मिळाली.

पाहुण्याचे वर्तन

येथे येणारा प्रवासी हा जावोयन लोकांचा पाहुणा होय. कित्येक होड्यांवर जावोयन वाटाडेच माहिती सांगतात. दुसऱ्या घळईतील खोल डोहात बोलुंग नावाच्या सर्पदेवतेचा वास आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे. तिला त्रास होऊ नये म्हणून ते त्या डोहाचे पाणी पीत नाहीत, आणि जवळपास मासे धरले तर थोडेच ठेवून बाकीचे परत सोडतात. आपल्याकडेही काही देवस्थानांच्या डोहात मासे धरीत नाहीत, याची येथे आठवण द्यावी.

गोड्या पाण्यातील मगरी वाळूत अंडी घालतात. त्या दिवसांत अशा काठांवर उतरण्यास प्रवाशांना मनाई असते. पुराबरोबर खाऱ्या पाण्यातील मोठ्या, धोकादायक मगरीही वर येतात. म्हणून पूर ओसरल्यावर रक्षक नदीची तपासणी करतात व सापळे लावतात, आणि खात्री पटल्यावरच पोहण्यास परवानगी मिळते. कोरड्या ऋतूच्या प्रारंभी गवत थोडे थोडे जाळण्याची जुनी पद्धतही उपयोगी पडते. त्यामुळे पुढे मोठा वणवा पसरत नाही.

वर्गातील उपयोग

१. वाळून भेगाळलेल्या चिखलावर हळूहळू पाणी ओतून ते भेग धरून कसे वळते, हे मुलांना पाहू द्यावे.

२. आपल्या नदीचे किंवा ओढ्याचे डोह, उतार व घाट यांची स्थानिक नावे वडीलधाऱ्या मंडळींकडून मिळवून नकाशात भरावी.

३. कोठे मासे धरू नयेत, कोणते झाड तोडू नये, असे गावचे संकेत लिहून घ्यावे व त्यांमागील कारण शोधावे.

४. वरच्या वर्गांत आपल्या राज्याचे उदाहरण द्यावे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावास २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

रान व नदी राखण्यासाठी तेथील माणसांस दूर करावे लागते, असा समज पुष्कळांच्या मनात असतो. निटमिलुकचा अनुभव निराळा आहे. ज्यांना डोहाचे नाव व मगरीची वेळ ठाऊक आहे, त्यांच्या हाती कारभार आला आणि दरीही सुरक्षित राहिली, पाहुणेही येत राहिले. शालेय सहल नदीवर न्याल, तेव्हा काठच्या एखाद्या कोळ्यास किंवा गुराख्यास प्रथम नमस्कार करून त्यालाच नदीची माहिती विचारावी.