पीएलसीची डायरी वाचा खालून वर!

पहाटे सहाला चाकणहून फोन : "साहेब, बॉयलर ट्रिप झालाय, लवकर या!" साहेब कोथरूडला. पूर्वी ते लगेच गाडी काढायचे आणि मोशीच्या ट्रॅफिकमधून पोहोचेपर्यंत कोणीतरी रीसेट मारून स्क्रीनवरचे सगळे अलार्म पुसून टाकलेले असायचे. आता ते आधी लॅपटॉप उघडतात, कंट्रोलरचा इव्हेंट लॉग घरबसल्या मागवतात आणि कोणता पार्ट बरोबर घ्यायचा ते ठरवूनच निघतात.

पिंपरी, भोसरी, चाकण, रांजणगाव... या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या पॅनलमध्ये बसलेला पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर, रात्रंदिवस अशी डायरी लिहीत असतो. तिच्याबद्दलच्या या काही भन्नाट गोष्टी.

१. जन्म एक जानेवारीचा
१ जानेवारी १९६८ रोजी अमेरिकेत डिक मॉर्ली यांनी अशा कंट्रोलरची कल्पना कागदावर उतरवली. त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्स कंपनीचं हे ८४ वं काम, म्हणून पहिल्या यंत्राचं नाव पडलं 'मॉडिकॉन ०८४'. त्याआधी रिलेंनी गच्च भरलेली कपाटं असायची. रिले टकटक वाजायचे, पण काय घडलं ते लिहून ठेवत नसत.

२. गुन्हेगार तळाशी असतो
बहुतेक स्क्रीनवर सगळ्यात ताजी नोंद वर दिसते. उदाहरणादाखल बॉयलरचा हा लॉग बघा :

०५:५८:३१ – वाफेचा दाब कमी
०५:५३:०२ – पाण्याची पातळी अतिकमी, बर्नर बंद
०५:५१:४० – पाण्याची पातळी कमी
०५:४७:१२ – फीड पंप ओव्हरलोड, ट्रिप

ऑपरेटर सांगतो, "दाब पडलाय." लॉग सांगतो, अकरा मिनिटं आधी पंप बसला होता. दाब, बर्नर, पातळी ही सगळी त्याचीच पिल्लं. म्हणून लॉग वाचायचा तो खालून वर.

३. डायरी नव्हे, रहाटगाडगं
कंट्रोलरमधली जागा मोजकी. जुन्या कंट्रोलरमध्ये अनेकदा जेमतेम शंभर नोंदी मावतात. पुढची नोंद आली की सर्वांत जुनी पुसली जाते, रहाटाचा पोहरा रिकामा होऊन पुन्हा भरावा तशी. एखादा सैल सेन्सर मिनिटाला दहा वेळा चालू-बंद होत राहिला, तर दहा मिनिटांत सगळी डायरी त्याच्याच नावाने भरते आणि खरा पुरावा जातो. लॉग दुरून, पण ताबडतोब काढायचा तो यासाठी.

४. एका फेरीत सगळे एकाच वेळचे
पीएलसी सगळे सिग्नल वाचतो, हिशेब करतो, हुकूम सोडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. अशी एक फेरी समजा २० मिलिसेकंदांची असेल, तर त्या फेरीत घडलेल्या दोन घटनांवर एकच वेळ पडते. आधी कोण आणि नंतर कोण, ते कळत नाही. म्हणूनच वीजकेंद्रांत मिलिसेकंदापर्यंत क्रम टिपणारी वेगळी उपकरणं बसवतात.

५. पहाटेचे साडेपाच, साल १९७०!
पुण्याकडच्या एमआयडीसीत गुरुवार सुट्टीचा आणि दुरुस्तीचा. पॅनलची वीज बंद राहते. आतला छोटा सेल संपलेला असेल, तर शुक्रवारी काही कंट्रोलर जागे होतात ते थेट १ जानेवारी १९७० ला, पहाटे साडेपाच वाजता. अनेक संगणकी घड्याळं त्या दिवशीच्या ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजतात आणि आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहोत. ठीक चालणारा कंट्रोलरही ग्रीनिचच्याच वेळेने लिहीत असेल, तर रात्री २:१० ची ट्रिप आदल्या दिवशी रात्री ८:४० ची दिसते. नाइट शिफ्टचा दोष सेकंड शिफ्टच्या माथी!

६. अकरा मिनिटं, २७५ अलार्म
२४ जुलै १९९४. वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या रिफायनरीत स्फोट झाला, २६ जण जखमी झाले. स्फोटाआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आदळले होते. माणसाला झेपतो तो सरासरी दहा मिनिटांना एक अलार्म. लॉग नियमित काढला, तर विनाकारण ओरडणारे अलार्म कोणते ते उघड होतं आणि ते वेळीच दुरुस्त करता येतात.

७. हुकूम क्रमांक १२
१९७९ ची 'मॉडबस' ही भाषा आजही असंख्य कारखान्यांत बोलली जाते. सीरियल केबलवर जोडलेल्या उपकरणाला तिच्यातला १२ क्रमांकाचा हुकूम दिला, की ते आपल्या संवादाच्या घडामोडींचा लॉग पाठवतं, फार तर ६४ नोंदी. इथेही ताजी नोंद पहिली! पण मूळ मॉडबसला पासवर्ड ठाऊकच नाही. विचारेल त्याला ती उत्तर देते आणि सांगेल त्याचं ऐकते. म्हणून कंट्रोलर कधीही थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये. व्हीपीएनमधूनच जावं आणि लॉगसाठी फक्त वाचण्याची परवानगी घ्यावी.

८. खोडदची तारेवरची खबरबात
पुण्याहून सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. काही अँटेना मधल्या नियंत्रण कक्षापासून कित्येक किलोमीटर दूर शेतांमध्ये आहेत. कुठली कोणत्या कोनात वळली आहे ही खबर कक्षात येते ऑप्टिकल फायबरमधून. रेडिओ दुर्बिणीशेजारी वायरलेस म्हणजे नुसता गोंगाट! दुरून खबर घ्यायची ती जागा पाहून, हा धडा आपल्या मातीतला.

९. मंगळवार, सकाळी ८:४४
१९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी ३२ बिटांच्या जुन्या घड्याळांचा आकडा भरेल आणि ती उलटी फिरून १९०१ दाखवतील. कारखान्यातले कंट्रोलर पंधरा-वीस वर्षं सहज चालतात. त्यामुळे आज बसवलेला त्या मंगळवारी ड्युटीवर असू शकतो. खरेदी करतानाच विचारून घ्या.

आजची शिफ्ट संपण्याआधी तीन कामं करा : कंट्रोलरचं घड्याळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहा, सेल कधी बदलला होता ते बघा आणि लॉगची एक प्रत दुसऱ्या संगणकावर ठेवा. शिवाय पॅनलच्या दारावर ठळक अक्षरांत लिहून चिकटवा : आधी लॉग, मग रीसेट.