जोरदार प्रतिक्षेपाच्या शिकारी रायफलीचा दस्ता : लाकडी की कृत्रिम?

प्रस्तावना :

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्यप्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. त्यामुळे प्रस्तुत विषय आपल्याकडे प्रत्यक्ष व्यवहाराचा राहिलेला नाही. तथापि अलास्कातील तपकिरी अस्वल आणि आफ्रिकेतील केप बफेलो यांची शिकार तेथे परवान्याने केली जाते व तेथे हा प्रश्न आजही उपस्थित होतो. पहिली गोळी नेमक्या जागी लागली नाही, तर जखमी जनावर यातना सोशीत झाडीत शिरते आणि त्याचा माग काढणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच दस्त्याची निवड ही केवळ आवडीनिवडीची बाब ठरत नाही. यंत्रशास्त्र, पदार्थविज्ञान व वनस्पतिशास्त्र या तिन्ही शाखांचा तिच्याशी संबंध येतो. १९१२ साली प्रचारात आलेल्या .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम या काडतुसाच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन येथे केले आहे.

प्रतिक्षेपाचे गणित :

या काडतुसातील सुमारे १९.४ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ७७० मीटर वेगाने नळीबाहेर पडते. तिचा संवेग सुमारे १५ न्यूटन-सेकंद होतो. जळालेल्या दारूचे वायूही त्याच दिशेने बाहेर पडत असल्याने त्यात सुमारे ६ न्यूटन-सेकंदांची भर पडते. संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार एकूण २१ न्यूटन-सेकंद इतकाच संवेग रायफलीला उलट दिशेने मिळतो. रायफल ४ किलोग्रॅमची असल्यास तिची प्रतिक्षेप ऊर्जा सुमारे ५५ ज्यूल होते. तीच रायफल ३.५ किलोग्रॅमची केल्यास ऊर्जा ६३ ज्यूलपर्यंत वाढते. .३०-०६ सारख्या नेहमीच्या काडतुसाच्या तुलनेत हा धक्का सुमारे दुप्पट आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. संवेग काडतूस ठरवते आणि ऊर्जा रायफलीच्या वजनावर अवलंबून राहते. दस्ता कशाचा आहे याला या गणितात स्वतंत्र स्थान नाही. लाकूड धक्का शोषून घेते, हा समज म्हणूनच फारसा खरा नाही. लाकडी दस्ता बहुधा अधिक वजनदार असतो, म्हणून धक्का सौम्य वाटतो. खांद्याला जाणवणारा धक्का दस्त्याच्या आकारावरही अवलंबून असतो. दस्त्याची मागची बाजू रुंद असेल, तिच्यावर चांगले रबरी पॅड असेल आणि दस्ता नळीच्या रेषेपासून फार खाली उतरलेला नसेल, तर तोच धक्का सुसह्य होतो.

लाकडी दस्त्याचे गुणदोष :

अक्रोडाचे लाकूड वजनाच्या मानाने मजबूत व कोरीव कामास अनुकूल असते आणि चटकन तडकत नाही. ते हाताला उबदार लागते, झुडपांत घासले तरी फार आवाज करीत नाही आणि कानसीने व पॉलिश पेपरने नेमक्या मापाचे करता येते. परंतु लाकूड हवेतील आर्द्रता घेते व सोडते. ओल्या अवस्थेतून पूर्ण सुकेपर्यंत अमेरिकन काळे अक्रोड वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे ७.८ टक्के, तर त्रिज्येच्या दिशेने सुमारे ५.५ टक्के आकसते. लांबीत मात्र ते जवळजवळ बदलत नाही. मुरवलेल्या लाकडात हा बदल पुष्कळच कमी असतो. तथापि या असमान हालचालीमुळे दस्त्याचा पुढचा भाग किंचित वाकून नळीला टेकला, तरी नेम सरकतो. अलास्काच्या पावसाळी किनाऱ्यावर लाकूड फुगते, कालाहारीच्या कोरड्या हवेत ते आकसते. तेलाचा लेप ही क्रिया मंदावतो, थांबवीत नाही.

दुसरा धोका फुटण्याचा. नळीच्या मुळाशी खालच्या बाजूस असलेला पोलादी खुंट प्रत्येक बारास लाकडावर आदळतो. त्याची बैठक ढिली असेल, तर यंत्रणेचे मागील टोक पाचरीसारखे काम करते आणि दस्ता मुठीजवळ चिरतो. यास्तव तंतू मुठीतून सरळ जाणारे लाकूड निवडणे, खुंटामागे आडवे बोल्ट बसविणे, बैठकीत इपॉक्सी भरणे आणि मागील टोकाशी थोडी फट राखणे असे उपाय केले जातात.

कृत्रिम दस्त्याचे प्रकार :

‘कृत्रिम’ या एकाच शब्दाखाली दोन भिन्न वस्तू येतात. पहिला प्रकार साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकचा. तो स्वस्त व जलरोधक असतो, पण त्याचा पुढचा भाग लवचीक असू शकतो आणि टेकू देताच नळीला स्पर्श करू शकतो. दुसरा प्रकार काचतंतू, केवलार किंवा कार्बनतंतूंचे थर इपॉक्सीत बसवून केलेला. तो ताठ व स्थिर असतो, पण महाग असतो. अमेरिकी मरीन दलाने १९६६ मध्ये स्वीकारलेल्या एम-४० रायफलीचे लाकडी दस्ते व्हिएतनामच्या दमट हवेत वाकू लागले. १९७० च्या दशकातील एम-४०ए१ या सुधारित रायफलीस फायबरग्लासचा दस्ता देण्यात आला.

मात्र हलकेपणा हा या दस्त्याचा गुण जोरदार प्रतिक्षेपाच्या रायफलीत दोष ठरू शकतो, हे वरील गणितावरून ध्यानी येईल. अशा वेळी दस्त्याच्या पोकळीत वजन भरून समतोल साधावा लागतो.

लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांस चिकटवून केलेला दस्ता हा मधला मार्ग होय. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन कार्बाइन ९८के रायफलींना असे दस्ते होते. तो साध्या लाकडापेक्षा अधिक स्थिर व बहुधा अधिक जड असतो. येथे जडपणा उपकारकच ठरतो.

निष्कर्ष :

निवडीचा क्रम पुढीलप्रमाणे असावा : प्रथम शरीराला बसणारे माप, नंतर एकूण वजन, त्यानंतर खुंटाची पक्की बैठक आणि शेवटी पदार्थ. पाऊस, खारे वारे व निष्काळजी हाताळणी अपेक्षित असल्यास तंतुमय इपॉक्सीचा ताठ दस्ता श्रेयस्कर. कोरड्या व स्थिर हवामानात, नीट बैठक केलेला अक्रोडी दस्ता तितकाच विश्वासार्ह ठरतो. स्वस्त प्लॅस्टिकपेक्षा चांगले लाकूड केव्हाही बरे. दस्ता कोणताही असो, शिकारीच्या ठिकाणी पोचल्यावर गोळी झाडून नेम पुन्हा तपासणे हे शिकाऱ्याचे कर्तव्यच आहे. कारण पदार्थाच्या गुणांविषयीचे अनुमान चुकले, तर त्याची किंमत प्रथम त्या मुक्या जनावरास मोजावी लागते.