बहिरं वर्गमूळ

दोनाचं वर्गमूळ काढायला बसलं, की दशांश चिन्हापुढचे अंक थांबायचं नाव घेत नाहीत. १.४१४२१३५... ना शेवट, ना ठरावीक आवर्तन. नववीच्या मराठी पुस्तकात अशा मुळाला ‘करणी’ म्हणतात, इंग्रजी पुस्तकात ‘सर्ड’. पण ज्या लॅटिन शब्दावरून सर्ड आला, त्या ‘सुर्दुस’चा गणिताशी काडीचा संबंध नव्हता. सुर्दुस म्हणजे बहिरा. आणि ज्याचा आवाज येत नाही, तोही.

वर्गमुळाला कान कुठून फुटले?

ग्रीक गणिती पूर्णांकांच्या गुणोत्तरात न बसणाऱ्या राशीला ‘अलोगोस’ म्हणत. ‘लोगोस’चा एक अर्थ गुणोत्तर, दुसरा वाणी. त्यामुळे अलोगोस राशी गुणोत्तराविना होती, तशीच वाचेविनाही. अरबी गणितात तिच्यासाठी ‘असम्म’, म्हणजे बहिरा, हा शब्द रूढ झाला. बाराव्या शतकात स्पेनमधल्या तोलेदोत क्रेमोनाचा जेरार्ड अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणत होता. त्याने असम्मचा सरळ सुर्दुस केला. मूळची मुकी राशी अशी लॅटिनमध्ये पोचेपर्यंत बहिरी झाली होती, आणि सोळाव्या शतकात इंग्रजांनी तिला आहे तशीच घरात घेतली.

जेरार्डचा जन्म साधारण १११४चा. भास्कराचार्यही १११४चेच! त्यांच्या ‘बीजगणिता’त करणींची बेरीज, गुणाकार, भागाकार सगळं आहे, पण तिथे कान-तोंडाचा प्रश्नच येत नाही. करणी म्हणजे करणारी. शुल्बसूत्रांत यज्ञवेदी दोरीने आखत. दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस जिच्यावर उभा राहतो, ती बाजू ‘द्विकरणी’. एककाच्या चौरसासाठी तिची लांबी भरते बरोबर दोनाच्या वर्गमुळाएवढी. ग्रीकांना जे सांगता येईना, ते इथे दोरीने आखलं जात होतं. नाव म्हणून करणीच सरस.

सुर्दुसचं गोत्र मोठं आहे. लॅटिन ‘अब्सुर्दुस’ म्हणजे बेसूर; त्यावरून विसंगत, तर्काला सोडून असलेलं, आणि पुढे इंग्रजी ‘अ‍ॅब्सर्ड’. व्हायोलिनच्या घोडीवर बसवून आवाज दबका करतात, ती ‘सोर्दिनो’ याच घराण्यातली, इटालियन शाखेची. जुने इंग्रज भाषाशास्त्रज्ञ क, ट, त, प यांसारख्या अघोष व्यंजनांनाही सर्ड म्हणत. त्यांनी तो शब्द केव्हाच टाकला. गणिताच्या पुस्तकांनी मात्र ठेवला.