पडद्यावरचा वर्ग आणि हिशेबाबाहेरचे श्रम

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि महाविद्यालयांतील वर्ग ओस पडले, तेव्हा अध्यापनात खंड पडू नये म्हणून जी साधने घाईने हाती घेण्यात आली त्यांत संगणकावरील अध्ययन-व्यवस्थापन प्रणाली हे एक होते. टाळेबंदी उठली, खडू-फळा परत आला. प्रणाली मात्र गेली नाही. मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मिश्र अध्यापनाचा मसुदा प्रसृत केला आणि त्यात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकविण्याची कल्पना मांडली. नॅकच्या मूल्यांकनातही अध्यापक माहिती-तंत्रज्ञानाची साधने कितपत वापरतात, याची विचारणा होते. साहजिकच अनेक महाविद्यालयांनी प्रत्येक विषयाचा एकेक 'कोर्स' प्रणालीवर उघडून ठेवला. यांतला एखादा कोर्स उघडून पाहिला तर आत बहुधा पाठ्यक्रमाची पीडीएफ, दोन-चार वर्षांपूर्वीची टिपणे, यूट्यूबचे काही दुवे आणि 'सूचना' या सदराखाली एकुलती एक सूचना आढळते. वर्ग भरावा म्हणून बांधलेल्या वास्तूचे कोठार झालेले असते. याचे खापर अध्यापकांच्या आळसावर फोडणे सोपे आहे, आणि तसे ते फोडलेही जाते. वस्तुतः प्रश्न श्रमाच्या हिशेबाचा आहे. कोर्स चालविणे हे काम आहे आणि ते कोणाच्याही कार्यभारात धरलेले नाही, ही यातील मूळ अडचण होय.

हे काम नेमके कोणते, याची कल्पना प्रणाली बाहेरून पाहणाऱ्यास येत नाही. आपल्याकडील अनेक विद्यापीठांनी व संस्थांनी जिचा स्वीकार केला ती 'मूडल' ही प्रणाली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे मार्टिन डुगियामास यांनी घडविली. तिची पहिली आवृत्ती २००२ साली निघाली. ती मुक्त स्रोत असल्याने परवान्याचे शुल्क पडत नाही, आणि अनुदानाच्या ओढाताणीत दिवस काढणाऱ्या महाविद्यालयांना ती आवडली याचे हे एक उघड कारण आहे. परंतु तिच्यामागे शिक्षणविषयक एक निश्चित विचारही आहे. विद्यार्थी इतरांसाठी काही घडविताना शिकतो, या भूमिकेवर ती उभी आहे. म्हणून तिच्यात चर्चापीठ आहे, विद्यार्थ्यांनी मिळून रचावयाचा शब्दसंग्रह आहे, एकमेकांचे निबंध तपासण्याची 'कार्यशाळा' आहे. अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या वर्गाने लवचीकता, सीमांत खर्च, संधिव्यय अशा शंभर संज्ञांचा कोश आपल्या शब्दांत व आपल्या बाजारपेठेतील उदाहरणांनी रचावा आणि अध्यापकाने तो दुरुस्त करीत जावे, ही गोष्ट खडू-फळ्याने साधणे कठीण होते. मूडलवर ती साधते. आपल्याकडील कोर्सांत नेमक्या याच खोल्या कुलूपबंद आहेत.

साधा गृहपाठ घेतला तरी त्याला चार तारखा द्याव्या लागतात: स्वीकार केव्हा सुरू, देय दिनांक कोणता, त्यानंतर कधीपर्यंत उशिराने चालेल, आणि अध्यापकाने तपासणी केव्हापर्यंत संपवावी. देय दिनांक व अंतिम दिनांक यांतील फरक अनेक अध्यापकांच्या लक्षात येत नाही. दोन्ही एकच ठेवले की रात्री बारा वाजता दार बंद होते आणि ज्याच्या गावी संध्याकाळपासून वीज नाही तो विद्यार्थी बाहेर राहतो. दोहोंत तीन दिवसांचे अंतर ठेवले तर उशिराची नोंद होते, पण काम स्वीकारले जाते. हा निर्णय तांत्रिक दिसतो, तरी तो विद्यार्थ्यांची परिस्थिती जाणणाऱ्या अध्यापकानेच घ्यावयाचा असतो. संगणक विभागातील तंत्रज्ञाला तो घेता येणार नाही.

ग्रेडबुकची, म्हणजे गुणांच्या नोंदवहीची, कथा याहून गंभीर आहे. मूडलची नेहमीची पद्धत गुणांची सरळ बेरीज करते. सरावासाठी म्हणून ठेवलेली ५० गुणांची चाचणी आणि महिनाभर खपून लिहिलेला १० गुणांचा निबंध एकाच वहीत पडले, की सरावाचे वजन निबंधाच्या पाचपट होते. त्यातच न दिलेल्या कामाची रिकामी जागा हिशेबातून वगळण्याची सोय मुळातच चालू असते. म्हणजे एकच गृहपाठ देऊन १० पैकी ९ मिळविणारा पडद्यावर ९० टक्क्यांवर दिसतो आणि चारही गृहपाठ इमानाने देऊन ४० पैकी ३० मिळविणारा ७५ टक्क्यांवर. सरासरीचा छेद कोणता, हा प्रश्न संख्याशास्त्राच्या पहिल्या पाठात शिकविला जातो. प्रणालीपुढे बसल्यावर मात्र तो विसरला जातो, कारण आकडा यंत्राने दिलेला असतो. अंतर्गत गुणांवरून वर्षाअखेर जे वाद होतात, त्यांतील काहींचे मूळ अशा न तपासलेल्या एखाद्या खुणेत असू शकते.

मराठी माध्यमाच्या अध्यापकापुढे आणखी एक डोंगर असतो. त्याची वर्षानुवर्षांची टिपणे श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या टंकांत साठविलेली. ती उचलून प्रणालीत चिकटविली की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक पसारा उमटतो. युनिकोडमध्ये सारे पुन्हा टंकलिखित करणे किंवा रूपांतर करून ओळ न् ओळ तपासणे भाग पडते. त्यातून पार पडून लघुत्तरी प्रश्नांची चाचणी तयार केली, तर यंत्र अक्षराला अक्षर ताडून पाहते. अध्यापकाने उत्तर 'सीमांत उपयोगिता' असे नोंदविले आणि विद्यार्थ्याने 'सीमान्त उपयोगिता' लिहिले, तर त्याला शून्य! दोन्ही लेखने मराठीत चालतात, हे यंत्राला कोणी सांगितलेले नसते. ऱ्हस्वदीर्घाची चूक झाली तर बोलायलाच नको. संभाव्य सर्व रूपे अध्यापकाने आधीच भरून ठेवणे हा एकच उपाय, आणि पन्नास प्रश्नांसाठी ते करणे म्हणजे काही दिवसांचे काम. बहुपर्यायी प्रश्नांचा सुळसुळाट झाला आहे त्यामागे अध्यापनशास्त्र शोधू नये. बरोबर पर्यायावर खूण करणे यंत्राला सर्वांत स्वस्त पडते, एवढेच त्याचे कारण.

चाळीस तासांचे गणित

आता वेळेचा हिशेब पाहू. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार पूर्णवेळ अध्यापकाचा कार्यभार आठवड्यास ४० तासांहून कमी नसावा आणि त्यात प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकास १६ तास व सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक यांस १४ तास असावे. समजा, वर्गात १२० विद्यार्थी आहेत आणि सत्रात दोन गृहपाठ आहेत. एक गृहपाठ वाचून त्यावर दोन ओळींचा उपयोगी शेरा लिहिण्यास दहा मिनिटे धरली, तर २४० गृहपाठांना २,४०० मिनिटे, म्हणजे बरोबर ४० तास लागतात. एका विषयाच्या केवळ शेऱ्यांसाठी अध्यापकाचा एक संपूर्ण आठवडा खर्ची पडतो. त्याच्याकडे असे तीन-चार विषय असतात. चर्चापीठावरील उत्तरे, प्रश्नपेढीची रचना, तारखांची फेररचना आणि पासवर्ड विसरलेल्यांची समजूत हे सारे यात धरलेलेच नाही. वेळापत्रकात मात्र तासिकांच्या चौकटी आहेत. या कामाची चौकट नाही.

यंत्र आणले म्हणजे वेळ वाचतो, ही समजूत प्रशासनात खोल रुजलेली आहे. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली उत्तरपत्रिकांची पडद्यावरील तपासणी पुरेशा तयारीविना एकाच परीक्षाहंगामात सर्वत्र लागू केली. निकाल महिनोन्महिने रखडले, पुढील प्रवेशांच्या वाटा विद्यार्थ्यांना बंद होऊ लागल्या, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. उत्तरपत्रिका पडद्यावर आली म्हणून ती वाचावयास लागणारा वेळ कमी होत नाही, एवढी साधी गोष्ट त्या वेळी नियोजनात धरली गेली नव्हती.

अर्थशास्त्रात या अडचणीला जुने नाव आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ साली रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला. चौघा वादकांची रचना वाजविण्यास पूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागे तेवढाच आजही लागतो. कारखान्यातील उत्पादकता मात्र वाढत जाते, आणि त्यामुळे अशा सेवा तुलनेने महाग होत जातात, असा त्यांचा युक्तिवाद होता. अध्यापन हे या जातीचे काम आहे. व्याख्यानाचे ध्वनिचित्रमुद्रण एकदा केले की ते हजारोंना पुरते, हे खरे. ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालेल्या 'स्वयम्'ची उभारणी याच गणितावर झाली आणि आयोगाने २०२१ मध्ये तेथून मिळवावयाच्या श्रेयांकांची मर्यादा २० वरून ४० टक्क्यांवर नेली. परंतु व्याख्यान हा अध्यापनाचा एक भाग. विद्यार्थ्याने मागणी व मागणीचे परिमाण यांत घोळ केला आहे हे ओळखून त्याला नेमके तेवढेच सांगणे, याचे मुद्रण करता येत नाही. प्रणालीने पहिला भाग स्वस्त केला आणि दुसऱ्याची गरज वाढविली. २०२२ च्या अखेरीस निबंध लिहून देणारी बुद्धिमान यंत्रे विद्यार्थ्यांच्या हाती आल्यापासून तर गृहपाठ वाचणे पुरेसे नाही, तो लिहिणाऱ्याशी बोलणेही आवश्यक झाले आहे. तो वेळ कोठून काढावयाचा, हे कोणत्याही परिपत्रकात सांगितलेले नाही.

प्रणालीची एक सोय मात्र अध्यापकाने मनापासून आपलीशी करावी अशी आहे. कोणता विद्यार्थी शेवटचा कधी आला, कोणी काय उघडले, काय अर्धवट सोडले, याची नोंद तिथे राहते. १२० जणांच्या वर्गात मागल्या बाकावरून हळूच नाहीसा होणारा विद्यार्थी सत्राअखेर परीक्षेच्या अर्जाला लागतो. प्रणालीच्या यादीत तो तिसऱ्या आठवड्यातच दिसतो. त्या दिवशी केलेला एक दूरध्वनी पुष्कळ काही वाचवू शकतो. पण हीच नोंद उपस्थिती म्हणून वापरली की तिचा अर्थ बिघडतो. फाइल उघडून मिटली तरी पूर्ण झाल्याची खूण पडू शकते आणि महाविद्यालयाच्या अहवालात ती 'अध्ययन' म्हणून चढते. शिवाय नोंदीत न दिसणारा प्रत्येक जण आळशी असतो असे नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ साली, संगणक असलेली कुटुंबे ग्रामीण भागात ४.४ टक्के आणि शहरी भागात २३.४ टक्के आढळली होती. इंटरनेटची सोय अनुक्रमे १४.९ व ४२ टक्के कुटुंबांत होती. त्यानंतर मोबाइल घरोघर पोहोचले, इंटरनेट स्वस्त झाले. तरीही एकाच फोनवर दोघा भावंडांचे गृहपाठ आणि वडिलांची कामे चालत असतील, तर त्या फोनची नोंद कोणाच्या अध्ययनाची म्हणावयाची?

विद्यार्थ्यांनी यावर आपला तोडगा काढला आहे. खरा वर्ग व्हॉट्सॲपवर भरतो. तेथे लॉग-इन नको, पासवर्ड नको, प्रश्न विचारला की पाच मिनिटांत उत्तर. अध्यापकही तेथेच रमतो, आणि रात्री साडेदहाला त्याच प्रश्नाचे उत्तर सातव्यांदा देतो. चर्चापीठावर एकदा लिहिलेले उत्तर पुढील वर्षीच्या वर्गालाही उपयोगी पडले असते. व्हॉट्सॲपवरील ते शुभेच्छांच्या आणि पुष्पगुच्छांच्या खाली चोवीस तासांत गाडले जाते.

कोर्स कोणाचा?

या साऱ्या कामाचा सर्वाधिक भार ज्याच्यावर पडतो तो अध्यापक सेवेत कायम नाही. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांना मोबदला प्रत्यक्ष घेतलेल्या तासिकांचा मिळतो. ते वयाने तरुण, संगणकाला सरावलेले. तेव्हा विभागाचा कोर्स 'बसवून देण्याचे' काम आपसूक त्यांच्याकडे येते. प्रश्नपेढी, टिपणे, चाचण्या, गुणांची रचना असे सहा महिन्यांचे काम प्रणालीत साठते आणि त्यातील एकाही तासाचे बिल निघत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत ही भांडवलनिर्मिती आहे: एकदा केलेल्या श्रमाने पुढील कित्येक वर्षे उत्पादन देणारी मत्ता उभी राहते. सुटीत मूडलचा कोर्स एका आज्ञेने राखीव प्रतीत जातो, दुसऱ्या आज्ञेने नव्या वर्षासाठी कोरा होऊन परत येतो. जुने विद्यार्थी व त्यांचे गुण पुसले जातात, रचना तशीच राहते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, उलट करार नसेल तर, सेवेच्या करारान्वये नोकरीत केलेल्या कृतीचा पहिला मालक नियोक्ता असतो. तासिकेवरचा अध्यापक हा या अर्थाने सेवक आहे की नाही, याचा उल्लेख त्याच्या नेमणूकपत्रात सहसा नसतो. सेवक म्हणावे तर सेवेचे लाभ नाहीत. नाही म्हणावे तर त्याची प्रश्नपेढी संस्थेने कोणत्या हक्काने ठेवून घ्यावी?

यावरचे उपाय फार खर्चिक आहेत असे नाही. कोर्सची पहिली उभारणी ही स्वतंत्र तासिकासंख्या म्हणून कार्यभारात धरता येईल. शेऱ्यांसाठी विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात वेळ देता येईल. उभारणी करणाऱ्याचे नाव कोर्सवर कायम राखण्याची अट घालता येईल. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांच्या पदवी वर्गांना नवे शैक्षणिक धोरण लागू झाले, घटकांची फोडाफोड झाली, श्रेयांक बदलले आणि आधी उभारलेले कोर्स पुन्हा मोडून बांधण्याची वेळ आली. नवी प्रश्नपत्रिका-रचना, अंतर्गत मूल्यमापनाचे नवे प्रमाण यांची परिपत्रके त्यासोबत निघाली. तासिका तत्त्वावरील अध्यापकाची मुदत मात्र सत्रासोबत संपते. त्याचे लॉग-इन बंद होते, आणि जुलैमध्ये त्याच कोर्सवर दुसऱ्या अध्यापकाचे नाव येते.