बिऱ्हाडाची आगोट

कोकणातल्या वाचकांना ‘आगोट’ हा शब्द समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. पावसाळा अंगावर येण्यापूर्वी घराची जी तयारी करायची, ती आगोट. कौले परतायची, पडवीला झडी बांधायच्या, लाकूडफाटा कोरड्यात घ्यायचा, आंबोशी-सांडग्यांचे डबे भरायचे. पावसाशी भांडून उपयोग नसतो. तो येण्यापूर्वी शहाण्यासारखे वागायचे, एवढेच माणसाच्या हाती असते. आमच्या आजीची आगोट वैशाखात सुरू होई आणि त्या दिवसांत घरातल्या कोणालाही रिकामे बसण्याची सोय नसे.

हा शब्द मला पुन्हा भेटला तो अमेरिकेत, मिशिगन राज्यात, २०२२ च्या दिवाळीत. आणि तोही घराच्या संदर्भात नव्हे, गाडीच्या!

माझी थोरली बहीण आणि भाऊजी डेट्रॉईटजवळच्या एका गावात गेली तीसएक वर्षे राहतात. त्या वर्षी कॉलेजची सुटी आणि भाऊबीज यांचा योग जुळला आणि मी त्यांच्याकडे गेलो. ओवाळणीचे ताट खाली ठेवता ठेवताच ताई म्हणाली, “शनिवारी कुठे फिरायला जायचं नाही हं. आपल्याला बिऱ्हाडाची आगोट करायची आहे.”

‘बिऱ्हाड’ म्हणजे त्यांचे मोटरहोम. घराच्या बाजूला उभी असलेली चोवीस फुटी गाडी. पुढे चालकाची जागा आणि मागे अख्खा संसार : पलंग, दोन शेगड्यांचा ओटा, फ्रीज, गिझर, न्हाणीघर, संडास. पोटाखाली तीन टाक्या. एक स्वच्छ पाण्याची, एक सांडपाण्याची आणि तिसरी कसली ते सुज्ञ वाचकांनी ओळखावे. बाजारात हिला मोठमोठी नावे आहेत, पण ताईने पहिल्याच दिवशी ‘बिऱ्हाड’ म्हटले आणि तेच चिकटले.

हौसेखातर घर चाकांवर चढवण्याची ही कल्पना तशी जुनी. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या स्कॉटिश डॉक्टराने, जो पूर्वी ब्रिटिश नौदलात होता, ‘वाँडरर’ नावाची एक घोडागाडी खास सहलीसाठी बांधून घेतली आणि तीत बसून तो इंग्लंडातून स्कॉटलंडपर्यंत हिंडून आला. १९०७ मध्ये इंग्लंडात अशा हौशी मंडळींचा ‘कॅरॅव्हॅन क्लब’ निघाला. पुढे घोडे गेले, इंजिने आली. १९६६ मध्ये आयोवा राज्यातल्या विनेबेगो कंपनीने तयार मोटरहोमे विकायला काढली आणि मध्यमवर्गीय अमेरिकन कुटुंबाला ही चैन आवाक्यात आल्यासारखी वाटू लागली. इंडियाना राज्यातले एल्कहार्ट हे गाव तर या धंद्याची राजधानीच मानले जाते. ते ताईच्या घरापासून जेमतेम तीन तासांच्या वाटेवर. भाऊजींनी आपली गाडी तिथूनच आणली.

उन्हाळाभर हे बिऱ्हाड हिंडते. प्रश्न असतो हिवाळ्याचा. काही लोक थंडी पडताच गाडी काढतात आणि सरळ फ्लोरिडा किंवा ॲरिझोना गाठतात. त्यांना तिकडे ‘हिमपक्षी’ म्हणतात. ज्यांना घर सोडता येत नाही, त्यांनी नोव्हेंबर ते एप्रिल गाडी झोपवायची. आणि गाडी झोपवणे म्हणजे कुलूप लावून किल्ली खिळ्याला अडकवणे नव्हे, हे ताई-भाऊजींना आदल्याच वर्षी फार महाग पडून कळले होते.

झाले होते असे. २०२१ च्या ऑक्टोबरात भाऊजींच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. दरवर्षी गाडीची सगळी निगा ते एकटे करीत. हत्यारांच्या पेटीला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. ताई दवाखाना आणि घर यांच्यामध्ये धावत होती. थंडीची सूचना आली, तेव्हा तिला आठवले की गाडीतले पाणी काढावे लागते. तिने रात्री कंदील घेऊन टाकीचा कॉक उघडला, टाकी रिकामी झालेली पाहिली आणि निश्चिंत मनाने झोपली.

टाकी रिकामी झाली होती, पण नळ्या भरलेल्या होत्या! पंपात पाणी होते, गिझरात होते. पाणी हा पदार्थ उलट्या स्वभावाचा. बहुतेक पदार्थ थिजताना आक्रसतात. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. बंद नळीत फुगायला जागा नसते, मग ते नळीच फोडते. मौज अशी की हिवाळाभर याचा पत्ता लागत नाही, कारण फुटलेल्या जागी बर्फाचेच बूच बसलेले असते. एप्रिलमध्ये ताईने टाकी भरून पंप सुरू केला, तेव्हा ओट्यामागून पाण्याचा आवाज येऊ लागला. थोड्या वेळाने जमीन भिजली आणि लाकडी तळ फुगला. दुरुस्तीचा आकडा ऐकून दोघेही गप्प झाली. भाऊजी एका शब्दाने बोलले नाहीत. ताई मला म्हणाली, “रागावले असते तर बरं झालं असतं रे. ते नुसते म्हणाले, आता विकून टाकू.”

त्यामुळे त्या शनिवारच्या कामाला नुसत्या कामापेक्षा अधिक वजन होते. ते नीट पार पडले तर गाडी राहणार होती. जड उचलायची भाऊजींना अजून बंदी होती. अंगणात खुर्ची टाकून, शाल पांघरून ते बसले. ताईने जुना कोट चढवला. मी हाताखालचा गडी. पहाटेचे दहिवर गवतावर पांढरे गोठले होते, आणि त्याकडे पाहिल्यावर घाई का करायची ते कोणी सांगावे लागत नव्हते.

“काय प्रोफेसर, पाना धरता येतो का?” भाऊजींनी विचारले.

“खडू धरता येतो,” मी म्हणालो.

“मग तुम्ही लिहा. हात तिला चालवू दे.”

अशा रीतीने माझ्याकडे वही आली. भाऊजी सांगत, ताई करी, मी टिपून घेई.

आधी घाणीच्या दोन्ही टाक्या ठरलेल्या जागी नेऊन रिकाम्या केल्या आणि धुतल्या. मग स्वच्छ पाण्याची टाकी. मग गिझर. तो गार झाल्याशिवाय आणि तोटी उघडून आतला दाब सोडल्याशिवाय त्याचे बूच काढायचे नाही, नाही तर कढत पाणी अंगावर येते. सहा गॅलनचा, म्हणजे बावीस-तेवीस लिटरचा हा गिझर रिकामा झाला की त्याला वळसा घालून जाणारा कॉक फिरवायचा. तसे केले नाही, तर पुढे घालायचे औषध गिझरच गिळून बसतो.

हे औषध म्हणजे गुलाबी रंगाचा द्रव. प्रॉपिलीन ग्लायकॉल हा त्यातला मुख्य पदार्थ. मोटारीच्या इंजिनात सहसा एथिलीन ग्लायकॉल घालतात. ते विषारी असते. पिण्याच्या पाण्याच्या नळीत ते कदापि घालायचे नाही. भाऊजींनी हे वाक्य मला दोनदा लिहायला लावले. पंपाची नळी गुलाबी द्रवाच्या बाटलीत सोडायची, पंप सुरू करायचा आणि एकेक तोटी उघडायची. आधी साधे पाणी येते, मग फिकट, मग झक्क गुलाबी. गुलाबी आले की ती तोटी बंद करून पुढची घ्यायची. ओट्याची थंड, ओट्याची गरम, न्हाणीची थंड, न्हाणीची गरम, संडासची. शेवटी प्रत्येक मोरीत पेलाभर द्रव ओतायचा, कारण मोरीखालच्या वाकड्या नळीत नेहमी थोडे पाणी साठून राहिलेले असते.

ताईने सगळ्या तोट्या झाल्या म्हणून हात पुसले. भाऊजी काही बोलले नाहीत. ती क्षणभर थांबली, गाडीभोवती फिरून आली आणि म्हणाली, “अहो, बाहेरचा फवारा राहिला!” मागच्या बाजूला पाय धुण्यासाठी एक छोटी तोटी होती. भाऊजी हसले. मला वाटते, त्या महिन्यात ते पहिल्यांदा हसले असावेत.

दुपार इतर कामांत गेली. बॅटरी काढून तळघरात ठेवली. त्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. आम्लाची बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर उणे पन्नास अंशांतही गोठत नाही. उतरलेली असेल, तर आतल्या आम्लाचे जवळजवळ पाणीच झालेले असते आणि ती शून्याखाली थोडक्यातच गोठून फुटते. तेव्हा महिन्याकाठी ती भरत राहायची. गॅसच्या नळकांड्याचा कॉक बंद केला. त्यात निव्वळ प्रोपेन असतो, तो उणे बेचाळीस अंशांपर्यंत वायू होऊ शकतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरात प्रोपेनबरोबर ब्युटेनही असतो, आणि तो शून्याच्या आसपासच मान टाकतो.

पेट्रोलची टाकी काठोकाठ भरली, म्हणजे रिकाम्या जागेत दमट हवा राहत नाही. पेट्रोल शिळे होऊ नये म्हणून त्यात औषध घालून इंजिन पंधरा मिनिटे चालवले. चाकांत हवा भरून त्यांखाली फळ्या घातल्या.

मग उंदीर! बाहेर बर्फ आणि आत गाद्या, असे बिऱ्हाड उंदरांनी का सोडावे? नळ्या जिथून आत येतात, त्या भोकांत भांडी घासायचा तारेचा काथ्या ठासून भरला. खाण्याचा कण आत ठेवायचा नाही. ताईने गोड्या मसाल्याची डबीसुद्धा बाहेर काढली. गाद्या उभ्या केल्या, कपाटे उघडी टाकली, आणि फ्रीज कोरडा पुसून त्याच्या दारात टॉवेलाची घडी अडकवली. ओल शोषणाऱ्या क्षाराची दोन भांडी ठेवली. वरून हवा खेळेल असे कापडी आवरण घातले. प्लॅस्टिकची ताडपत्री ओल कोंडते आणि वाऱ्यावर फडफडून रंगही ओरबाडते.

संध्याकाळी वही भाऊजींच्या हाती दिली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि ताईपुढे धरली. “तुझ्याजवळ ठेव,” म्हणाले, “इतकी वर्षं हे माझ्या एकट्याच्या डोक्यात ठेवलं, ही माझी चूक. पाणी तू नाही ठेवलंस नळीत, मी ठेवलं.”

ताई काही बोलली नाही. पण अंगणातली शेवटची पणती तिने गाडीच्या पायरीवर नेऊन ठेवली.

हे वाचून कोणी म्हणेल, आमच्याकडे ना मोटरहोम, ना बर्फ. आम्हांला याचे काय? पण मुलांकडे सहा-सहा महिने जाणारी कुटुंबे आज पुण्या-मुंबईत थोडी नाहीत. परत आल्यावर फ्रीजमध्ये बुरशी, कपाटात ओलीचा वास, गाडीची बॅटरी मेलेली, मोरीतून झुरळे, हा अनुभव कोणाला नाही? जाताना फ्रीज पुसून दार किलकिले ठेवावे, पाण्याचा मुख्य कॉक आणि गॅस बंद करावा, मोरीच्या जाळ्या झाकाव्या, गाडीच्या बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवावी. आणि टायरवरचे चार आकडे एकदा वाचून पाहावे : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘३५१९’ असेल, तर टायर २०१९ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला.

परंतु याहून मोठी गोष्ट ती वहीची. आपल्या घरोघरी कॉक, फ्यूज, विम्याचे कागद, बँकेचे खाते हे सगळे एकाच माणसाच्या डोक्यात असते. तो माणूस त्याला कर्तेपणा समजतो आणि बाकीचे त्याला विश्रांती समजतात. मग एक दिवस थंडी अवेळी येते.

एप्रिल २०२३ मध्ये एका सकाळी ताईचा फोन आला. मागून कसला तरी घरघर आवाज येत होता. मी काही विचारण्याआधीच ती ओरडली, “अरे, ऐकू येतंय का? पंप चालू आहे! सगळ्या तोट्यांना पाणी आलं! आधी गुलाबी, मग स्वच्छ!”

त्या उन्हाळ्यात बिऱ्हाड उत्तरेला गेले, १९५७ साली खुला झालेला पाच मैलांचा मॅकिनॉ पूल ओलांडून पलीकडच्या अरण्यात. गाडी ताई चालवीत होती. भाऊजी शेजारी बसले होते आणि त्यांच्या मांडीवर ती वही होती.