आधी ‘स्लो’ की आधी ‘क्विक’?

ताईकडे पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं कपाटातून तपकिरी चामड्याचे, उंच नळीचे बूट काढले आणि म्हणाली, ‘‘मंगळवारी संध्याकाळी माझा डान्सचा क्लास असतो. तूही चल. घरी एकटी बसून काय करशील?’’ मी नुसती तिच्याकडे बघत राहिले. भावोजींना जाऊन तेव्हा जेमतेम पावणेदोन वर्षं झाली होती.

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला ते रुचलं नाही. मी कोण, तर गेली पंधरा वर्षं आमच्या भागातल्या बायकांमध्ये काम करणारी. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या लोकांनी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्या बातमीची कात्रणं घेऊन मी वस्तीवस्तीतून फिरले होते. एकट्या बाईला हळदीकुंकवाला बोलवा, म्हणून सासवांशी भांडले होते. आणि सख्खी बहीण परक्या माणसाच्या हातात हात देऊन नाचायला निघाली, तर मनात पहिला विचार आला तो, ‘गावाकडे कळलं तर?’ बोलले काही नाही. सलवार-कमीज घालून मुकाट्यानं गाडीत बसले.

ताई राहते अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिनजवळ. तिथला जोडीनं करायचा आवडता नाच म्हणजे कंट्री टू-स्टेप. जर्मनी आणि बोहेमियाकडून शेती करायला आलेल्या लोकांनी या भागात गावोगावी लाकडी डान्स हॉल बांधले. लग्नकार्य, सभा, नाच, सगळं तिथंच. आपल्याकडच्या देवळाच्या सभामंडपासारखं म्हणा ना! पुढे १९८० मध्ये जॉन ट्रॅव्होल्टाचा ‘अर्बन काउबॉय’ हा चित्रपट आला आणि हे नाच अमेरिकाभर पसरले.

सगळ्या जोड्या हॉलभर गोल फिरत असतात, घड्याळाच्या उलट्या दिशेनं. आपल्या प्रदक्षिणेच्या बरोबर उलट, हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं! भरभर जाणारे बाहेरच्या कडेनं, सावकाश जाणारे आत. पुरुष पुढे चालतो, बाई बहुतेक वेळ मागे मागे जाते. ‘‘हे काय, इथंही बाईनंच उलटं चालायचं?’’ मी कुरकुरलेच. ताई हसली. म्हणाली, ‘‘अगं, हल्ली बायकाही पुढे नेतात. थांब, बघशील.’’

शिकवणारी बाई सत्तरीची असेल. तिनं टाळ्या वाजवत सांगितलं, ‘‘क्विक, क्विक, स्लो, स्लो.’’ बस, एवढाच नाच. क्विक म्हणजे एका ठोक्याचं पाऊल, स्लो म्हणजे दोन ठोक्यांचं. चार पावलं, सहा ठोके. पुरुष डाव्या पायानं सुरू करतो, बाई उजव्या.

लहानपणी दोन वर्षं मी गाण्याच्या क्लासला जात होते, त्यामुळे बोटं आपोआप मात्रा मोजायला लागली. पावलं सहा मात्रांची, म्हणजे आपल्या दादऱ्याएवढी. (खंड मात्र दादऱ्यासारखे तीन-तीनचे नाहीत.) आणि गाणं? ते तर सरळ चार-चारच्या ठेक्यात, केरव्याच्या अंगानं चाललेलं! दोघांचं जमायचं कसं? मग मोजत राहिले. पावलांची पहिली फेरी गाण्याच्या समेवर सुरू झाली, तर दुसरी मध्येच, चारातल्या तिसऱ्या ठोक्यावर सुरू होते. तिसरी पुन्हा समेवर. बारा ठोके झाले, की दोघांची गाठ पडते. मधल्या काळात पाय एकीकडे, गाणं दुसरीकडे, आणि तरी कुणी अडखळत नाही. मिनिटाला १८०च्या आसपास ठोके पडत असतात बरं का!

सगळेच असे नाचतात असंही नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा मूळ टू-स्टेप क्विक-क्विक-स्लो असा तीनच पावलांचा होता. तो चार ठोक्यांत पुरा होतो, म्हणजे गाण्याशी त्याचं भांडणच नाही. फक्त दर फेरीला सुरुवातीचा पाय बदलतो. काही वयस्कर जोडपी अजून तसेच पाय टाकत होती. गाणं संथ असलं, तर दोन ठोक्यांत तीन छोटी पावलं बसवतात, त्याला ट्रिपल टू-स्टेप म्हणतात. आणि काही जण चारच पावलं घेतात, पण आधी स्लो-स्लो आणि मग क्विक-क्विक.

ताईची अडचण इथंच होती. बाकी सगळं तिला छान येत होतं. पण गाणं सुरू झालं, की पहिल्याच पावलाला घोटाळा! समोरचा माणूस क्विक-क्विक म्हणून दोन पावलं पुढे आलेला आणि ही अजून पहिल्याच पावलावर रेंगाळलेली. मग पायावर पाय, मग ‘सॉरी’. एकदा नाही, तीन जोडीदार बदलले, तिन्ही वेळा तेच. पुढची फेरी मात्र सुरळीत. गंमत म्हणजे, एकदा चाल लागली की आधी स्लो घेतलं होतं की क्विक, हे बघणाऱ्याला सांगताच येत नाही. तेच पाय, तोच क्रम. फरक काय तो सुरुवातीचा.

परतताना गाडीत मी विचारलं, ‘‘तुला एवढं येतं, मग पहिलंच पाऊल कसं चुकतं?’’

ताई बराच वेळ रस्त्याकडे बघत गाडी चालवत होती. मग म्हणाली, ‘‘आम्ही शेजारच्या आजी-आजोबांकडून शिकलो ना, त्यांचं स्लोनं सुरू व्हायचं. तुझ्या भावोजींचंही तसंच. पहिलं पाऊल टाकायचे आणि क्षणभर थांबायचे. मला सावरून घेतल्यासारखं. वीस वर्षं तसंच नाचले गं. पाय ऐकत नाहीत.’’

मला काय बोलावं कळेना. वस्तीत अशा वेळी मी बायकांना काहीबाही सांगते, धीर देते. त्या गाडीत त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही.

पुढच्या मंगळवारी त्या शिक्षिकेनं ताईला बाजूला घेतलं. मोजू नकोस, म्हणाली. समोरच्याचं वजन कोणत्या पायावर जातंय ते त्याच्या हाताकडून कळतं, तेवढ्यापुरतं थांब आणि मग पाऊल उचल. ताईनं डोळे मिटून दोनदा करून बघितलं. दुसऱ्यांदा जमलं. तिसऱ्या गाण्याला पुन्हा चुकलं. शिक्षिका म्हणाली, ‘‘बरं, मग आज तूच पुढे ने.’’ आणि पुरुषाच्या जागी ताईला उभं केलं. ताई घाबरली, पण करत राहिली.

निघायच्या आधीच्या रविवारी आम्ही न्यू ब्राउनफेल्सला ग्रीन हॉल बघायला गेलो. १८७८ सालचा हा हॉल. टेक्सासमधला अखंड चालू असलेला सर्वांत जुना डान्स हॉल अशी त्याची ख्याती आहे. पत्र्याचं छप्पर, बाजूनं उघडी जाळी, झिजून गुळगुळीत झालेली लाकडी जमीन. दुपारी बँड वाजत होता. आजोबा नातीला पायावर उभं करून नाचवत होते, दोन मैत्रिणी एकमेकींना धरून फिरत होत्या. आमच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. ‘गावाकडे कळलं तर’ म्हणणारी मी, कोपऱ्यात पर्स धरून उभी.

‘‘ठेव ती पर्स,’’ ताई म्हणाली. तिनं माझा उजवा हात हातात घेतला, दुसरा हात माझ्या पाठीवर ठेवला.

‘‘कसं सुरू करायचं?’’ मी घाईघाईनं विचारलं. ‘‘क्विक-क्विक ना?’’

‘‘नाही. माझ्याबरोबर स्लो.’’

मी उजवा पाय मागे टाकला. ती थांबली, मीही थांबले. मग दुसरा. माझे बूट रबरी तळाचे, जमिनीवर अडत होते. ताईचे चामड्याचे, सरसर सरकत होते. तिसऱ्या वळणाला मी तिच्या पायावर पाय दिलाच. ती जोरात हसली, पण हात सोडला नाही. बँडनं लगेच पुढचं गाणं धरलं आणि आम्ही पुन्हा आतल्या बाजूनं, सावकाश जाणाऱ्यांच्या रांगेत लागलो.